निकाल शून्य : पडद्यावरच्या ग्रंथालयात वऱ्हाड शोधताना



व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "अहो, तुमचा जन्म गेला प्रमाणशास्त्र शिकवण्यात. तुम्हाला गॅझेटियरशी काय देणंघेणं?" प्रश्न वाजवी आहे. त्याचं उत्तर देणं म्हणजेच आजचं व्याख्यान.

आम्ही सहा-सात जण आहोत. दोन निवृत्त प्राध्यापक, एक ग्रंथपाल, बाकी संशोधक विद्यार्थी. काही अमरावतीचे, काही अकोल्याचे. गेली तीन वर्षं रविवारी सकाळी आम्ही एकत्र बसतो आणि वऱ्हाडाविषयीची जुनी छापील कागदपत्रं पडद्यावर वाचतो. तेव्हा आज मी 'आम्ही' म्हणेन ते थोरपणानं नव्हे, ते खरोखरच अनेकवचन आहे.

मागल्या वर्षी दिवाळीनंतर पूर्णाकाठच्या एका गावी, आमच्यातल्याच एका विद्यार्थ्याच्या घरी बसलो होतो. लॅपटॉप उघडा होता. त्याच्या आजीनं विचारलं, "काय जी मास्तर, ह्या डब्यात आमच्या बुढ्याचं नाव सापडीन का?" बुढा म्हणजे तिचा आजेसासरा. विद्यार्थ्यानं आडनाव टाकलं, गावाचं नाव टाकलं. पडद्यावर दोन शब्द आले: निकाल शून्य. आजीला वाचता येत नाही, तिला आम्ही सांगितलं की काही सापडलं नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हंजे थो नव्हताच का मंग?"

मंडळी, प्रमाणशास्त्रावरचा इतका नेमका प्रश्न आम्हाला वर्गात कुणी विचारल्याचं आठवत नाही. आज तोच प्रश्न आपण सोडवायचा आहे.

घट, भूतल आणि उजेड

आपल्या परंपरेत या प्रश्नाला जुनं नाव आहे: अनुपलब्धी. जमिनीवर घट नाही हे आपल्याला कशावरून कळतं? डोळ्यांना जमीन दिसते; 'नसणं' काही दिसत नाही. कुमारिल भट्टांच्या अनुयायांनी आणि पुढे अद्वैत्यांनी सांगितलं की 'न आढळणं' हेच एक स्वतंत्र प्रमाण आहे. प्राभाकरांनी ते मानलं नाही. नैयायिकांनी अभावाचं ज्ञान प्रत्यक्षातच बसवलं. तो वाद आज नको. पण एका अटीवर बहुतेकांचं एकमत आहे आणि आपल्याला ती अटच हवी आहे. न आढळणं हे प्रमाण केव्हा होतं? ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तेव्हा. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, म्हणून 'घट नाही' असं म्हणता येत नाही. आधी दिवा लावा, मग बोला.

आता शोधाच्या चौकटीत शब्द टाकल्यावर 'निकाल शून्य' येतं, तेव्हा आपण नकळत 'जमिनीवर घट नाही' असंच वाक्य उच्चारत असतो. पण खोलीत दिवा होता का? किती उजेडाचा? कुणी लावलेला, आणि कोणत्या कोपऱ्याकडे तोंड करून? पुढचं सगळं बोलणं म्हणजे या दिव्याची तपासणी समजा.

आधी ऋण मान्य करू

टीका करायला बसलेल्या माणसानं आधी उपकार मोजावेत. आमच्या तरुणपणी वऱ्हाडावरचा साधा अहवाल पाहायचा तर नागपूर, पुणे नाहीतर मुंबई गाठावी लागे. ओळखीचं पत्र, दोन दिवसांचा मुक्काम, आणि ग्रंथपालांची मर्जी. आज पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय घरबसल्या उघडतं. संस्था 1930 ची. पुढे ती अभिमत विद्यापीठ झाली. शेती, जमीन महसूल, दुष्काळ, सहकार या विषयांवरचे जुने सरकारी अहवाल तिनं स्कॅन करून सर्वांसाठी खुले केले, हे काम मोठं आहे. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया डिजिटल ग्रंथालयात इम्पीरियल गॅझेटियरचे 26 खंड आहेत. मोल्सवर्थचा 1857 चा कोश आहे. तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोशही आहे. दर्यापूरच्या पोराला आज जे फुकट मिळतं ते आमच्या गुरुजनांना पगारातही परवडलं नसतं. हे ऋण मान्य. आता तपासणी.

नाव तेच, वर्णाक्षरं निराळी

पहिली अडचण अगदी क्षुल्लक वाटते: नावांची. शोधाच्या चौकटीत देवनागरीत 'अमरावती' लिहा, जुन्या इंग्रजी अहवालांतलं काहीच येणार नाही. इंग्रजीत आजच्या पद्धतीनं लिहा, तरी फारसं येणार नाही. साहेबांनी ते 'अमरावती' कधी लिहिलंच नाही. एकदा 'अम्रावती', पूर्वी 'उमरावुट्टी', नंतर 'अमराओटी'. यवतमाळ म्हणजे 'येवटमाल', वाशीम म्हणजे 'बासिम', अचलपूर म्हणजे 'एलिचपूर', रिद्धपूर म्हणजे 'रितपूर', आणि आपला वऱ्हाड म्हणजे 'बेरार'. 1853 च्या तहानंतर निजामानं कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी हा मुलूख कंपनीच्या ताब्यात दिला, म्हणून कागदोपत्री आपलं नाव कितीतरी वर्षं 'हैदराबादचे सोपवलेले जिल्हे' असं होतं. या नावात वऱ्हाड हा शब्दच नाही.

त्यातून गंमत बघा. मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाच्या जातीला 'उमरा' म्हणत. म्हणजे आपल्या शहराचं नाव सातासमुद्रापार पोचलं ते गाठींवर, गावाचं म्हणून नव्हे, मालाचं म्हणून. 'उमरा' हा शब्द टाकून शोधलं की कागदांचा ढीग येतो. 'अमरावती' टाकलं की शून्य.

जिल्हेही तसेच. 1905 पर्यंत वऱ्हाडात सहा जिल्हे होते: अमरावती, अकोला, एलिचपूर, बुलढाणा, वणी आणि बासिम. मग एलिचपूर अमरावतीत गेलं, बासिम अकोल्यात आलं. 1998 साली वाशीम पुन्हा वेगळा झाला. म्हणून 1901 चा 'अकोला जिल्हा' आणि 1911 चा 'अकोला जिल्हा' यांचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढणारा प्रबंध पाहिला की आम्हाला घाम फुटतो. नाव एक, जमीन दोन.

शिवाय इम्पीरियल गॅझेटियर वर्णानुक्रमानं लावलेलं, तेही इंग्रजी. त्यामुळे अकोला आणि अमरावती पाचव्या खंडात, अबाझाई आणि आर्काट यांच्या मधोमध. आणि ज्या प्रांतात ही दोन्ही गावं आहेत तो बेरार सातव्या खंडात, बरेलीच्या मागे आणि बेरासियाच्या पुढे. भूगोलानं जोडलेलं वर्णमालेनं तोडलं. ज्याला जोडणी आधीच ठाऊक आहे त्यालाच ते पुन्हा जोडता येतं. थोडक्यात, दिवा आहे. पण तो लावायची किल्ली परक्या लिपीत आहे.

सोन्याची कुऱ्हाड

आता मजकुराकडे येऊ. वऱ्हाडावरचं पहिलं मोठं गॅझेटियर 1870 साली आल्फ्रेड लायल यांनी संपादित केलं. लायल इथे कमिशनर होते. बुद्धिमान माणूस, लिहिणं सुरेख. काळही कसा होता पाहा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या वर्षांत लँकेशायरला अमेरिकी कापूस मिळेना, इकडे भाव चढले. 1867 मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंतची रेल्वे पुरी झाली. 1870 मध्ये खामगावचा फाटा सुरू करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. व्हाइसरॉयनं एका तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत यावं, यावरून कापसाचं वजन कळतं.

या वर्षांच्या कागदांत वऱ्हाड सुखी आहे. काळी जमीन, चढते भाव, वाढता सारा. आपल्याकडेही म्हण आहेच: वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड. गॅझेटियर आणि म्हण एकमेकींना दुजोरा देतात, म्हणून वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. आमचाही बसला होता. पण दुजोरा देणारे दोन साक्षीदार एकाच घरचे असतील तर? सारा वसूल करणारं खातं ज्या समृद्धीचं वर्णन करतं, त्या वर्णनावरच पुढच्या साऱ्याचा दर ठरणार असतो. साक्षीदाराचा खटल्यात फायदा आहे. यानं साक्ष खोटी ठरत नाही. पण न्यायाधीशानं ते टिपून ठेवायला हवं. आणि म्हणीचं म्हणाल, तर सोन्याची असली तरी ती कुऱ्हाडच.

आकडे घ्या. जनगणनेनुसार वऱ्हाडाची लोकसंख्या 1881 मध्ये 26 लाख 72 हजार होती. 1891 मध्ये 28 लाख 97 हजार झाली. दहा वर्षांत सव्वादोन लाखांची वाढ. मग 1896-97 चा दुष्काळ, आणि 1899-1900 चा त्याहून भयंकर. 1901 ची गणना म्हणते: 27 लाख 54 हजार. एक लाख 43 हजारांची घट. आधीच्या वेगानं वाढ झाली असती तर माणसं 31 लाख 22 हजार असायला हवी होती. तफावत साडेतीन लाखांवर जाते.

इथे आमच्यातला एक उत्साही विद्यार्थी म्हणाला, "सर, म्हणजे साडेतीन लाख मेले!" आम्ही त्याला थांबवलं. तफावतीत मेलेले आहेत, न जन्मलेली मुलं आहेत, मुलूख सोडून गेलेले आहेत. उलट दुष्काळात शेजारच्या मुलखांतून आलेलेही मिळवले गेले आहेत. आकडा इतकंच सांगतो की काहीतरी फार मोठं घडलं. कोण, कुठे, कसं, हे तो सांगत नाही. आकडा हा जमिनीवर उमटलेला गोल डाग आहे. इथे घट होता हे त्यावरून कळतं. घट कुणाचा, ते नाही.

लक्ष्मण सत्या यांनी 1997 च्या 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' या पुस्तकात याच सरकारी अहवालांचा उलटा पाठ केला. कापूस आणि दुष्काळ ही दोन प्रकरणं नसून एकच प्रकरण आहे, हे त्यांचं म्हणणं. आज आपल्या जिल्ह्यांत शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी आली की कापूस, कर्ज आणि पाऊस हे तीन शब्द पाठोपाठ येतात. हे तिन्ही शब्द जुन्या अहवालांतही आहेत. फरक इतकाच की ते तीन वेगळ्या खात्यांच्या तीन वेगळ्या पुस्तकांत आहेत. ते एकत्र वाचणं हे आता आपलं काम आहे.

एक साल, तीन कपाटं

नमुना म्हणून 1897 हे एकच साल घ्या. त्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, अध्यक्ष सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष आपले दादासाहेब खापर्डे. टिळक तेव्हा तुरुंगात होते. त्याच साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला; कारंज्याला 1886 मध्ये सुरू झालेल्या नियंत्रित बाजाराच्या प्रयोगाला त्यामुळे प्रांतभर चौकट मिळाली. आजच्या बाजार समित्यांची ती आजीच. आणि त्याच सालाच्या पहिल्या सहामाहीत देशभर दुष्काळ होता.

पडद्यावर ही तीन गोष्टींची तीन कपाटं आहेत. अधिवेशन 'राष्ट्रीय चळवळ' या विषयाखाली, कायदा 'व्यापार' खाली, दुष्काळ 'मदतकार्य' खाली. खापर्ड्यांच्या रोजनिश्या चौथ्याच ठिकाणी, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. पण 1897 साली अमरावतीत राहणारा माणूस चार कपाटांत राहत नव्हता. तो सकाळी बाजारात गाडी लावत असेल, दुपारी मंडपाकडे पाहत असेल आणि रात्री ज्वारीचा भाव मोजत असेल. ग्रंथालयाची सूची हे आपण निरुपद्रवी यंत्र समजतो. वस्तुतः प्रत्येक सूची हा एक सिद्धान्त असतो: कशाचा कशाशी संबंध आहे, आणि कशाचा नाही, याविषयीचा. पुस्तकं स्कॅन झाली म्हणून तो सिद्धान्त बदलत नाही. उलट शोधाच्या चौकटीमागे लपल्यामुळे तो दिसेनासा होतो.

रिद्धपूर आणि 'रितपूर'

लायलसाहेबांचं आणखी एक काम तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं वाचायलाच हवं. वऱ्हाडात जे पाहिलं त्यावरून त्यांनी 1872 मध्ये 'एका हिंदी प्रांताचा धर्म' या अर्थाचा निबंध लिहिला. तो पुढे त्यांच्या 'एशियाटिक स्टडीज' मध्ये आला. शेंदूर फासलेल्या दगडधोंड्यांपासून सुरुवात करून पायरी पायरीनं मोठ्या देवांपर्यंत अशी पूजेची चढण त्यांनी मांडली. धर्म कसा उगवतो याची एक उपपत्ती आपल्या खेड्यांच्या वेशीवर तयार झाली, ही साधी गोष्ट नाही. आम्ही ती दोन रविवार वाचली आणि खरोखर रंगलो.

पण त्या शिडीवर एक पायरी नाही. अमरावती जिल्ह्यातल्याच रिद्धपुरी, गोविंदप्रभूंच्या गावी, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा केल्या. जो प्रसंग ज्यानं पाहिला त्याच्याकडे जाऊन त्यानं सांगितलेलं नोंदवायचं, ही पद्धत. त्यातून 'लीळाचरित्र' उभं राहिलं. दगडापुढे हात जोडण्यापासून सुरू होणाऱ्या शिडीवर, साक्षीपुराव्याचा इतका काटेकोर विचार करणारा पंथ कुठे बसवणार? देवतांच्या मूर्तींपुढे न झुकणारी आणि मराठीतच ज्ञान मांडणारी ही माणसं. साहेबी ग्रंथांत ती 'मानभाव' म्हणून येतात. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथातली पंथाच्या उगमाची कहाणी तर पंथाला हसणाऱ्या बाहेरच्या लोकांची आहे.

यात सगळा दोष साहेबांचा नाही, हेही सांगितलं पाहिजे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद ठेवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती लिपी उलगडली; मग यवतमाळचे य. खु. देशपांडे, पुढे वि. भि. कोलते अशा वैदर्भीय अभ्यासकांनी हे वाङ्मय उजेडात आणलं. 1916 च्या ग्रंथकर्त्यांना आतला आवाज ऐकू येणं अवघडच होतं. म्हणजे इथे अंधार मुद्दाम केलेला होता, संरक्षणासाठी. आता रिद्धपुरात मराठी भाषेचं विद्यापीठ झालं आहे. उद्या तिथल्या पोथ्या स्कॅन होतील. तेव्हा एक प्रश्न आपण विचारायला हवा: ज्यांनी शतकानुशतकं या पोथ्या जपल्या त्यांना विचारून, त्यांच्या शब्दांत सूची होणार, की पुन्हा कुणीतरी त्यावर 'मानभाव' अशी चिठ्ठी चिकटवणार? दिवा लावणं पुण्याचं काम आहे. पण दुसऱ्याच्या घरात लावायचा तर दार वाजवून जावं.

हेडक्लार्कची मुलगी

आता अनुपलब्धीचं वऱ्हाडातलं सगळ्यात मोठं उदाहरण सांगतो. 1882 साली ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यात छापलं गेलं. ताराबाई बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे, डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांत बायकांच्या चारित्र्यावर जे चऱ्हाट चाललं होतं, त्याला हे उत्तर होतं. 1885 मध्ये महात्मा फुल्यांनी 'सत्सार' मध्ये या पुस्तकाची बाजू घेतली. त्यानंतर शांतता. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा संपादून छापलं तेव्हा महाराष्ट्राला ताराबाई भेटल्या. मधली जवळजवळ नव्वद वर्षं वाङ्मयाच्या इतिहासात निकाल शून्य.

त्या नव्वद वर्षांत पुस्तक नव्हतं का? होतं. प्रत होती, म्हणून तर मालशांना सापडली. कुणी शोधलं नव्हतं, कारण असं काही असू शकतं असं कुणाच्या मनातच नव्हतं. हा दिव्यापलीकडचा अंधार आहे, पाहणाऱ्याच्या अपेक्षेतला. यंत्र कितीही चांगलं असो, जे नाव आपण टाईपच करत नाही ते ते शोधून देत नाही.

आणि आम्हाला सतावणारी गोष्ट अशी. ज्या कचेरीतून जिल्ह्याचे तक्ते, पेरे, सारे, जन्ममृत्यू वरच्या कचेरीत रवाना होत, त्याच कचेरीच्या हेडक्लार्कच्या घरात एक बाई त्या सगळ्या व्यवस्थेला प्रश्न विचारणारं पुस्तक लिहीत होती. तक्ते एका संग्रहात, पुस्तक दुसऱ्यात. दोघांना जोडणारा दुवा कोणत्याच सूचीत नाही. तो बापूजी हरी यांच्या घराच्या उंबरठ्यावर आहे.

आमच्या चुकीबद्दल

इतकं सांगून झाल्यावर स्वतःची कबुली द्यायला हवी. आम्ही पैकी एक जण ज्या महाविद्यालयात शिकवत होते, तिथे ग्रंथालयाची जागा अपुरी पडली म्हणून जुन्या बांधीव अंकांचे गठ्ठे रद्दीत गेले. स्थानिक वर्तमानपत्रं होती, संस्थांचे वार्षिक अहवाल होते, मोडीतले काही कागदही असावेत. त्या वेळी आम्ही सही करणाऱ्या समितीत होतो. "इंग्रजी अहवाल ठेवा, ते संदर्भाला लागतात," असं आमच्याच तोंडचं वाक्य आठवतं. आज ते इंग्रजी अहवाल पडद्यावर जगभर मिळतात. गेले ते दुसरे, ज्यांची दुसरी प्रत कुठे होती की नाही देव जाणे.

म्हणून स्कॅन करणाऱ्या संस्थांना आमचं सांगणं नम्रपणे आहे, वरच्या पट्टीत नाही. एक: जुन्या इंग्रजी नावांपुढे आजचं देवनागरी नाव नोंदवा, हे काम एका जिल्ह्याचे दहा पदवीधर एका उन्हाळ्यात करतील. दोन: घडीचे नकाशे उघडून स्कॅन करा; काही संग्रहांत ते मिटलेलेच स्कॅन झालेले पाहून जीव हळहळतो. तीन: जे अजून स्कॅन झालं नाही, त्याची यादी जे झालं त्याइतक्याच ठळकपणे दाखवा. खोलीतला कुठला कोपरा अंधारात आहे एवढं जरी कळलं, तरी वाचक 'नाही' आणि 'दिसत नाही' यांत फरक करू शकेल. आणि घरोघरच्या मंडळींना इतकंच: ट्रंकेतला मोडी कागद वाचता येत नाही म्हणून टाकू नका. वाचणारा पुढे जन्माला येईल.

शिवेवरचा माणूस

आता आजीकडे परत जाऊ. तिचं घराणं पूर्वाश्रमीचं महार, 1956 नंतर बौद्ध. त्यांच्या नावावर जमीन नव्हती, म्हणून खातेदारांच्या यादीत बुढ्याचं नाव येण्याचा प्रश्न नव्हता. ते पाटील नव्हते, सावकार नव्हते, आरोपीही नव्हते. त्या काळच्या कागदात येण्यासाठी या तिघांपैकी काहीतरी असावं लागे.

आम्ही विचारलं, "आजी, बुढा करत काय होता?" ती म्हणाली, "काय करीन? शिवेवर उभा राहे. थो उभा राहिला का पाटलाचा वाद मिटे."

हे वाक्य ऐकताच आमच्यातला ग्रंथपाल उठून बसला. रसेल-हिरालाल यांच्या चौथ्या खंडात महार या प्रकरणात हेच आहे: गावाच्या शिवेविषयी आणि रूढींविषयी वाद झाला तर महाराचा शब्द प्रमाण मानला जाई. पुस्तकात जातीचं नाव आहे, माणसाचं नाही. आजीकडे माणसाचं नाव आहे, पुस्तक नाही. ज्याच्या स्वतःच्या मालकीची वीतभर जमीन नव्हती त्याच्या शब्दावर दोन गावांची जमीन ठरत होती. शब्दप्रमाण आम्ही चाळीस वर्षं शिकवलं. आप्त कोण, तर ज्याला वस्तू जशी आहे तशी माहीत आहे आणि जो तशीच सांगतो. वर्गात उदाहरण म्हणून ऋषी द्यायचो. शिवेवरचा महार कधी दिला नाही. ही आमच्या शिकवण्यातली अनुपलब्धी.

पुढच्या रविवारी विद्यार्थ्यानं आजीकडून शिवेच्या खुणा लिहून घेतल्या, बुढ्यानं तिच्या नवऱ्याला सांगितलेल्या आणि नवऱ्यानं तिला: अमुक नाल्याचं वळण, एक जोडदगड, एक विहीर, अशा सहा. मग भूमी अभिलेखातून गावाचा नकाशा काढला आणि ताडून पाहिला. सहापैकी चार खुणा नकाशावर आजीनं सांगितल्या त्याच क्रमानं होत्या. आम्ही तिला ते दाखवायला गेलो. तिला नवल वाटलं नाही. ती म्हणाली, "मंग? थो काय खोटं सांगीन?"

राहिल्या दोन. एक निंबाचं झाड होतं आणि एक पांढरीची टेकडी. त्या नकाशात नाहीत. विद्यार्थ्यानं आपल्या टिपणवहीत त्यांच्यापुढे 'आढळत नाही' असं लिहिलं होतं. आम्ही ते खोडायला लावलं आणि त्या जागी लिहायला सांगितलं: 'नकाशात नाही. सांगणारी हयात आहे. या उन्हाळ्यात जाऊन पाहणे.'